चढावरचं दुकान

मोटार विकली तेव्हा तिची जागा रिकामी झाली.
त्या जागेत एक फळी ठोकली, वर बल्ब लावला,
आणि झालं दुकान, ताल्काउआनोच्या अर्ध्या चढावर,
जिथून बंदर दिसतं
आणि बंदरालाही आपण दिसतो.

पाटी मीच रंगवली. तयार राहा.
ओरेस्तेस मासे घेऊन चालला होता. थांबून म्हणाला,
कशाला, एदेल्मिरा?
त्याला काय. माशांच्या धंद्यात असे प्रश्न पडत नाहीत.

लाल पिशव्या मीच शिवल्या, दुहेरी टाक्याच्या.
आत पाणी, तीन दिवसांचं.
(माणसाचे तीन दिवस किती लिटरचे
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.)
हाताने फिरवायची बॅटरी, दोरी, शिट्टी,
आणि बिस्किटं, जी पाच वर्षं टिकतात
आणि पहिल्याच दिवशी पाच वर्षांची लागतात.

पहिल्या महिन्यात तीन गेल्या.
एक बहिणीने घेतली, म्हणजे ती धरायची नाही.
एक गॅसवाल्याने, त्याला नुसती दोरी हवी होती.
एक शाळेतल्या सुनिल्दाबाईंनी, हप्त्यावर.

तहान लागली की विहीर खणायची, ही जगाची रीत.
मी आधीच पोहरा घेऊन बसले,
तर गिऱ्हाईक विचारतं,
विहीर कुठाय?

यार्सा, ज्याच्याकडून माल उचलते, तो म्हणाला,
बाई, भीती दाखवा. पाटीवर लाट काढा, मोठी.
ब्रश घेतला. निळा डबा उघडला.
पण समोरच्या ओर्तेन्सियाच्या खिडकीतून
सरळ माझी पाटी दिसते,
आणि तिच्या भिंतीवर दोघांचा एक फोटो आहे
ज्यातली एकटी तीच म्हातारी होत गेली.
मी समुद्रपक्षी काढला.
तो बदकासारखा झाला.

मे महिन्यात यार्साचे पैसे थकले.
रात्री दिवा मालवून मी म्हटलं,
देवा, जरासं हलव.
कपबश्या वाजतील एवढंच. भिंतीला चीर नको.
आणि जीभ चावली.
पण तोवर बोलून झालं होतं.

दहाव्या रात्री हललं.
मी मागितलं त्याहून जास्त.
त्याला किरकोळीची मापं कळत नाहीत, त्याचं दुकान मोठं.
कपाट आडवं झालं, दिवे गेले, मग भोंगा,
आणि सगळा चढ अंधारात आणखी वर चढू लागला.

माझी स्वतःची पिशवी
मी गुरुवारी एका विद्यार्थ्याला विकली होती.
हातात हिशेबाची वही होती,
पायात एकच चप्पल.

वर पाण्याच्या टाकीपाशी सगळे टेकले.
मी लाल पिशव्या मोजल्या. अकरा.
माणसं मोजायच्या आधी मोजल्या.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ओर्तेन्सिया शेजारी येऊन बसली.
तिने माझ्याकडून कधी काही घेतलं नव्हतं.
तिच्याकडे पडद्याच्या कापडाची एक थैली होती,
दाराच्या मागे कित्येक वर्षं भरून ठेवलेली.
तिने गाठ सोडली. पाणी नाही, बॅटरी नाही.
पुरुषाचा एक स्वेटर,
डांबराच्या गोळ्यांचा वास असलेला,
कोपरावर दुसऱ्याच रंगाच्या लोकरीने रफू केलेला.
घाल, म्हणाली, कुडकुडतेस.
मी म्हटलं, तुझ्यासाठी आणला असशील.
ती म्हणाली, माझ्यासाठी नव्हताच.

माझ्या यादीत स्वेटर नव्हता.

पहाटेपर्यंत समुद्र आला नाही.
आम्ही उतरलो, एकमेकांची दारं ढकलून पाहत.
आठ वाजता दुकानापुढे रांग,
आणि मी अजून त्याच स्वेटरात.
बाह्या दोनदा दुमडून पैसे मोजत होते,
वर बघायचं धाडस नव्हतं.
सगळ्यात पुढे सुनिल्दाबाई, पिशवी परत घेऊन.
शिट्टी वाजत नाही, म्हणाल्या.
फुंकून पाहिली. खरंच वाजत नव्हती.

मग रांग तशीच थांबवून
खोक्यातल्या चाळीसही शिट्ट्या मी एकेक करून फुंकल्या.
बाराव्या शिट्टीला
गल्लीतली सगळी कुत्री
वर टाकीकडे पळत सुटली.